बुटक्यांचा निखारा कुणी विझवला?

मंगळवार, संध्याकाळ. परळ.

मी लिहीत असलेल्या कादंबरीतलं बुटक्यांचं प्रकरण आज आईला वाचून दाखवलं. डोंगराच्या पोटात राहणारी माझी ही बुटकी जमात. पूर्वजांच्या भट्टीतला निखारा प्रत्येक घरात जपायचा, हाच त्यांचा धर्म. मग मी लढाई घातली, शत्रूने सगळे निखारे विझवले आणि श्रद्धा संपली. वाटलं, आई डोळे पुसेल.

ती मटार सोलत होती. म्हणाली, "शत्रू कशाला हवा गं? निखारा राखायला पहाटे उठावं लागतं. लोक आपले आपणच कंटाळतात."

"म्हणून काय विझू देतील?"

"मुद्दाम कोण विझू देतंय? आधी शेजारणीला सांगतील, तुझाच निखारा आमचाही समज. आणि शेजारीण म्हणेल, मी तर तुमच्या भरवशावर होते."

राग आला. एवढ्या मेहनतीने लिहिलेली लढाई! पण ती शेजारीण काही डोक्यातून जाईना. चाळीत होतो तेव्हा आमच्याकडेही समई तेवायची. टॉवरमध्ये आल्यावर धुराचा अलार्म वाजेल म्हणून आईने देव्हाऱ्यात लाल बल्ब लावला. तो रात्रंदिवस चालू असतो.

शेवटी लढाई खोडली, शेजारीण घातली. मग सहज देव्हाऱ्याकडे पाहिलं, तर आत अंधार. बटण चालूच होतं, बल्ब गेला होता. कधी गेला असेल?

आईला विचारलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तू बघतेयस."