मधल्या भागातील सुरांची वाटणी

मी, खाली सही करणारा निवृत्त शिक्षक, कामगार सभांचा वक्ता आणि जॅझचा पियानोवादक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि थोड्या रागात लिहीत आहे. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

घर पत्नीला. आमच्या घरच्या बँडच्या तालमींचा गोंगाट तिने जन्मभर सोसला.

पुस्तके कामगार संघाच्या वाचनालयाला. खजिनदाराने नेलेली परत आलीच, तर तीही.

पियानो मुलीला. इथे खुलासा आवश्यक आहे. आमच्या एका आवडत्या संथ गाण्यात मधल्या भागात पट्टी बदलते. मी सर्वांना शिकवले, की प्रत्येक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, कोणत्या सुराकडे ओढते ते आधी पाहा, पट्टी बदलताना कोणता सूर बदलतो तो हेरा आणि मगच मनचे वाजवा. माझा मेहुणा, सॅक्सोफोनवाला, तिथेही जुन्याच पट्टीचे सूर फुंकतो. वर टाळ्या घेतो. एकदा मी तालीम थांबवून त्याला विचारशिस्तीवर सविस्तर सुनावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “भावोजी, भाषण झकास झालं. आता वाजवूया का?”

तालमीत माझ्या शेजारी बसलेली मुलगी हसली. मी दोघांनाही घालवून दिले. ड्रमवाला चहा संपवून गेला. तेव्हापासून तालीम बंद आहे.

नंतर मुलीचा फोन आला. “बाबा, मामा चुकत नाही. तुम्ही खालची कॉर्ड जरा बदला, त्याचा तोच सूर कसा खुलतो बघा.”

मी ते एकट्याने वाजवून पाहिले. निष्कर्ष जाहीर करण्यास मी बांधील नाही.

मेहुण्याला माझा मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय धरायला लावणारे यंत्र. त्याला गरज आहे.

माझ्या शोकसभेत कोणीही भाषण करू नये. माझ्याइतके चांगले कोणाला जमणार नाही. त्याऐवजी ते गाणे वाजवावे. मधल्या भागात मेहुण्याने हवे ते सूर घ्यावेत आणि मुलीने खालच्या कॉर्ड तिच्या पद्धतीने बदलाव्यात.

या मृत्युपत्राची प्रत दोघांना आजच पोचवावी. मृत्यूची वाट पाहू नये. मात्र वरील कलम मी गेल्यावरच लागू होईल. तोवर मधल्या भागात माझेच खरे, आणि ते ऐकून घ्यायला दोघांनी सोमवारी तालमीला यावे.

सही: पियानोवाला
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (शुद्धीबद्दल) २. शेजारचे शिंपी (रागाबद्दल)
दोघांनाही संगीत कळत नाही, म्हणून निःपक्ष.
स्थळ: राहते घर, पियानोची खोली
दिनांक: आज, शनिवार