बैठकीतलं सागवान

३ नोव्हेंबर, सोमवार

पाहुणे येऊन राह्यले! अमडापूरचे! सोळा तारखेले, रविवारी.

नणंद सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी वांगे तोडत होती. टोपली तिथंच टाकली अन् घरी पळाली. सुवर्णा अमडापूरले दिलेली, तिनंच हे स्थळ काढलं. पोरीचं नाव अनुपमा. पतसंस्थेत कामाले आहे. आमच्या प्रज्वलले एकतिसावं सरलं. किती ठिकाणाहून नकार आला ते मोजणं सोडलं मी. सगळ्यायचं एकच — पोरगा नोकरीत नाही. शेती करते म्हणजे काय दरोडे टाकते का?

सुवर्णा म्हणे, "वहिनी, पोरगी सोता येणार हाये घर पाहाले. जरा घर नीट करा."

घर नीट म्हणजे काय ते मले बरोबर समजलं. बैठकीतली शहाबादी! दाराजवळचा एक दगड पाय देला की हालते. मागच्या वेळी मोताळ्याचे पाहुणे आले तर त्या दगडावर पोरीच्या मामाचा तोल गेला, अख्खा चहा पँटवर. ते स्थळ तिथंच गेलं, मले माहीत आहे.

ह्यायले म्हटलं, फरशी बदलाची. हे म्हणे, "तेरा दिवसात?"

हाव, तेरा दिवसात!

५ नोव्हेंबर, बुधवार

खामगावले गेलो. मी, हे अन् प्रज्वल.

टाईल नाही होत. खोदा, मलमा काढा, महिना जाते. मंग दुकानदारानं आतून लांब लांब फळ्या आणल्या. लक्झरी विनाईल म्हणे. मले लक्झरी म्हटलं की पुण्याची बस दिसते, पडदेवाली! फळीत फळी अडकवली की कट् वाजते. जुन्या फरशीवरच टाकाची. त्यानं वरून पाणी ओतलं, चाबीनं खरवडलं. ओरखडा नाही! मी म्हटलं, विळा आहे का? तो म्हणे, "काकू, विळा कशाले? घरात विळ्यानं चालता का?"

राखेसारखा रंग दाखवला. सध्या हाच चालते म्हणे. चुलीतली राख रोज मी काढते, ते बैठकीत अंथरू का! दुसरा पांढरा. तो मळते. मंग निघाला सागवानी. गाठी, रेषा, सगळं हुबेहूब. मी चप्पल काढून त्याच्यावर उभी राह्यली. गार नाही लागत! माय वं! टाचेले बरं वाटलं एकदम. म्हटलं, हेच.

हे म्हणे, "लाकडासारखं काऊन पाह्यजे? गोठ्यात लाकूड कमी हाये का?"

मी बैठकीचं माप दुकानदाराले देलं.

६ नोव्हेंबर

सुवर्णाचा फोन. म्हणे पोरीले अकोल्याचंही एक स्थळ आलं. पोरगा नोकरीत, घरात मार्बल.

मार्बल ऐकलं अन् माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सांग त्यायले, आम्ही बैठकीत सागवान टाकून राह्यलो."

"खरं सागवान, वहिनी?"

"मंग काय खोटं?"

निघून गेलं तोंडातून. आता काय करता. दिसते तर सागवानच! आमच्या इकडं डोंगर जवळ, सागवानाची किंमत कोणाले सांगा नाही लागत.

८ नोव्हेंबर, शनिवार

राम आला. फिटर. खामगावचा, चाळिशीचा माणूस, तोंडात खर्रा, बोलणं कमी. त्यानं तो हालणारा दगड काढला, खड्डा भरला. मंग साऱ्या बैठकीत सिमेंटासारखं पातळ ओतून सपाट केलं. आरशासारखं! जातानी म्हणे, "काकू, याच्यावर पाय ठेवाचा नाही."

नाही ठेवत बाप्पा.

९ नोव्हेंबर

सकाळी दोन बकेटा पाणी मारलं. दुपारी दोन. संध्याकाळी दोन. दारात उभं राहून मारलं, पाय नाही ठेवला. तराई नाही केली तर सिमेंट पकडते का? हे घर बांधलं तेव्हा तराई मीच केली, एक भेग नाही आजपर्यंत.

१० नोव्हेंबर, सोमवार

राम आला. दारातच उभा राह्यला. खर्रा थुंकून आला, मंग बोलला.

"काकू, हे ओलं कसं?"

"तराई केली."

"कोणी सांगतलं?"

"कोणी काऊन सांगाले पाह्यजे? सिमेंट हाये ना?"

त्यानं डोक्याले हात लावला. हे सिमेंट वेगळं म्हणे, याले पाणी चालत नाही. खाली ओल राह्यली तर फळ्यायखाली वास मारते, बुरशी धरते. मी म्हटलं, मंग परवा सांगाचं होतं! तो म्हणे, "मी पाय नका ठेवू म्हटलं. पाणी मारा कुठं म्हटलं?"

हे ओसरीत बसून हसत होते. मी पाह्यलं तशी मान पेपरात घातली.

सहा दिवस राह्यले. रडू येऊन राह्यलं रागानं.

११ नोव्हेंबर

घरातले तिन्ही पंखे बैठकीत. जाऊबाईचा कूलरही आणला, नुसता पंखा चालू. कोणी दार लावलं की ओरडते मी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं! झालं! झालं!

सकाळी रामनं खाली एक यंत्र टेकवलं, आकडा पाह्यला अन् मान हालवली. वाळलं! तिथून सुरू. फळी लावते, रबरी हातोड्यानं ठोकते, कट्. पुढची. कट्. मी उठलीच नाही जाग्यावरून, भाजीही जाळली.

एकच भांडण झालं. त्यानं भिंतीपासून बोटभर जागा सोडली सगळीकडून. मी म्हटलं, "हे काय? कापाले चुकलास का? भिडव भिंतीले." तो म्हणे सोडाच लागते. आपल्या इकडचा उन्हाळा कसा, फळ्या ताणतात. जागा नसली तर मधातून उठतात, तंबूवानी. मी म्हटलं, मुंग्या जातीन. तो म्हणे वरून पट्टी येते. मी म्हटलं, पट्टी आधी दाखव. दाखवली. मंग गप बसली.

चार वाजता संपलं. उरलेल्या दोन फळ्या पलंगाखाली ठेवल्या, कधी खराब झाली तर लावाले. राम हात धुऊन म्हणे, "काकू, तराई करू नका आता."

मेला! पण हात सोन्याचा. त्याले वांग्याची पिशवी भरून देली.

मी एकटीच तिकून इकडं, इकडून तिकडं चालली. कितीदा माहीत नाही. अनवाणी. वीस वर्षं ह्या बैठकीत मी नुसती झाडाले अन् चहा द्याले आली. आज पहिल्यांदा मधोमध बसली, पाय लांब करून.

१४ नोव्हेंबर

गल्ली जमली. चपला बाहेर काढा म्हटलं, सगळ्यायनं काढल्या!

जाऊबाई आशाबाई आली. शेजारीच राहते, घर वेगळं पण डोळे आमच्याच घरात. वाकली, बोटानं ठोकलं, म्हणे, "प्लास्टिकची ताडपत्री अंथरली का वं, रुख्मिणी? छान दिसते. पोह्याच्या वाळवणाले बरी."

दहा बाया उभ्या! माझ्या अंगाचा भडका झाला.

"ताडपत्री? सागवान हाये ते, ताई. सुवर्णाले विचारा."

"हो का? मंग आवाज असा काऊन येते?"

"जुनं असलं की असाच येते."

काय बोलली मी ते मलेच माहीत नाही. पण चूप झाली! सहा महिन्यात पहिल्यांदा.

प्रज्वल ओट्यावरून ऐकत होता. बाया गेल्यावर म्हणे, "आई, हे काऊन सांगून राह्यली? त्या पोरीपर्यंत जाईन."

"जाऊ दे. तुझ्यासाठीच बोलली."

"माझ्यासाठी नको बोलू."

अन् निघून गेला वावरात. याले काय समजते!

१५ नोव्हेंबर

चक्कीवर दळणाले गेली. चक्कीवाला म्हणे, "काकू, सागवान कुठून भेटलं एवढं? आमालेही सांगा." हसली अन् पीठ घेऊन आली. उद्याचा दिवस निघू दे, मंग सांगीन सगळ्यायले खरं काय ते.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहू का नको. लिहिते.

अकरा वाजता आले. पोरीचे वडील रंगराव, पोरगी अनुपमा अन् आमची सुवर्णा. पोरगी साधी, सरळ डोळ्यात पाहून बोलते. दारात थांबली, "मावशी, चप्पल इथंच काढू?" तिथंच मले आवडली.

रंगरावनं टाचेनं फळी दाबून पाह्यली. म्हणे, "अस्सल माल! असं काम आजकाल कोण करते?" मी चहाचा ट्रे घेऊन उभी, वर पाहावं का खाली समजेना. आशाबाई चिवडा वाटत होती, माझ्याकडं पाहून गालात हसली. रंगराव म्हणे, आमाले असंच घर पाह्यजे, टिकाऊ. सगळं जमून येऊन राह्यलं होतं! सुवर्णानं प्रज्वल अन् अनुपमाले मागं वांग्याच्या वावरात धाडलं, बोला म्हणे जरा.

ते गेले अन् थोड्या वेळानं दारात मोटरसायकल. दोन जण, खाकी. फॉरेस्टवाले!

"वामनराव कोण? घरात सागवानाच्या फळ्या टाकल्या अशी खबर हाये. कुठून आणल्या? लाकडाचा पास दाखवा."

रंगरावचा कप हवेतच राह्यला.

हे उठले. मले वाटलं आता सांगतीन. पण ह्यायनं माझ्याकडं पाह्यलं, मंग रंगरावकडं, अन् गप राह्यले. दुकानाचं बिल कपाटात होतं, ते काढलं की मी खोटी पडते, म्हणून नाही काढलं! एका खाकीवाल्यानं वही उघडली. नाव? वामनराव. पूर्ण सांगा. हे सांगून राह्यले! चोराच्या वहीत नाव लिहून देऊन राह्यले, माझ्या तोंडासाठी!

माझ्यानं नाही पाहवलं.

"थांबा साहेब. लिहू नका. सागवान नाही हाये ते. प्लास्टिक हाये. मी खोटं बोलली."

मी पलंगाखालून उरलेली फळी ओढली, उलटी करून त्याच्या हातात देली. खालून काळी कुळकुळीत. त्यानं वास घेतला, वाकवली, दुसऱ्याले दाखवली. दोघंही हसाले लागले. "काकू, रविवारचं मटण सोडून आलो आमी!" वही मिटली अन् गेले. चिवडाही नाही खाल्ला.

मी म्हटलं, "रंगरावभाऊ, फरशी खोटी. पोरगा खोटा नाही." ते म्हणे, "हाव ताई." अन् कप खाली ठेवला. पोरगी वावरातून आली, वडलायचं तोंड पाह्यलं, चप्पल घातली. गेले.

आशाबाई काहीतरी बोलीन म्हणून मी वाट पाहून राह्यली. ती एवढंच म्हणे, "चिवडा तरी बांधून द्याचा होता त्यायले."

१७ नोव्हेंबर

फोन नाही.

ह्यायले विचारलं, काऊन नाव लिहून देलं? म्हणे, "दंड भरला असता. पोरगी तर आली असती."

२० नोव्हेंबर, गुरुवार

फोन नाही. सुवर्णाही उचलत नाही. मी माझ्या हातानं पोराचं घर बुडवलं. तो हालणारा दगड तरी बरा होता, त्यानं नुसता चहा सांडला.

गल्लीत पोट्टे मले पाहून "सागवान, सागवान" करतात. एकाच्या मागं खराटा घेऊन धावली.

प्रज्वल मात्र रोजच्या परीस दोन भाकरी जास्त खाते. याले काही वाटते का नाही? म्हटलं, "तुले दुःख नाही का रे?" तो म्हणे, "आई, भाजी वाढ."

आज बैठक पुसली. मन नव्हतं तरी पुसली. ओल्या फडक्यानं एकदा फिरवलं की चमकते. चांगली आहे हो. प्लास्टिक असली म्हणून काय झालं, चांगली आहे!

२४ नोव्हेंबर, सोमवार

रंगरावचा फोन आला. आठ दिवस हिंमत होत नव्हती म्हणे.

"ताई, तुमी सगळ्यायसमोर कबूल झाल्या. आमच्यानं नाही झालं. अनुपमाचं एक लग्न झालेलं हाये. वर्षाच्या आत सुटली. सुवर्णाताईलेही नाही सांगतलं आमी."

मी फोन प्रज्वलच्या हातात देला.

तो म्हणे, "मले माहीत हाये, काका. वावरात तिनं पहिलं तेच सांगतलं." मंग माझ्याकडं पाहून, "अन् मी तिले सांगतलं, घरात पाहून आली ते प्लास्टिक हाये."

फॉरेस्टवाले यायच्या आधी! दोघायचं तिथंच ठरलं, अन् मलेच कोणी नाही सांगतलं!