बोगनवेलीला पाणी नको

१ एप्रिल
आणि वर म्हणे मीच हट्टी. साठ कुंड्या बोगनवेलीच्या, पाच दिवस पाण्याशिवाय. समोर माना टाकतात आणि मी नुसतं बघायचं? नर्सरीचे मालक नाना खुर्चीतूनच, "पाईप ठेव खाले. ती केळ नई शे." आमच्या असोद्याला केळीचं पान जरा वळलं तरी बाबांना घास उतरत नाही. मी त्या घरातला.

३ एप्रिल
अक्काचा फोन. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतेय, तीन वर्षांनी. सासूने सोडलं एकदाचं. "झोका तूच बांधशीन. मागच्या डावी बाबांनी बांधला, मी आपटली." हो म्हटलं. नानांना सुट्टी विचारली. धुळ्याच्या लग्नाच्या लॉनवाल्याची ऑर्डर फुललेली गेली की जा म्हणाले. दिवाळीपासून घर पाहिलं नाही. इथून, नरडाण्याहून, जळगावची गाडी रोज जाते, शेडमध्ये ऐकू येते. ऐकायची फक्त.

५ एप्रिल
नाना यायच्या आत पाणी दिलं. चोरून देतोय त्याचा तिसरा दिवस हा. पानं उभी राहिली. बरं वाटलं.

१० एप्रिल
हातभर फोक सुटलेत, हिरवेगार. पानाच्या बगलेत एकेक वाकडा काटा. फूल एक नाही.
नानांनी कुंडीत बोट घातलं. ओलं निघालं. शिवी दिली असती तर बरं. "पोट भरनं तं ती फुली कसाले? बठ्ठा पाला करी टाका तू." मग म्हणाले, आता ह्या फुलतील तेव्हाच तू घरी.
पाईप त्यांच्या घरी गेला.

१५ एप्रिल
पाणी बंद, पाचवा दिवस. शेंडे खुडले. एक काटा अंगठ्यात मोडला, निघत नाही. दुपारी पानं कापडासारखी लोंबतात. केलं मीच, बोलू कुणाला.

२२ एप्रिल
एका शेंड्याला गुलाबी टिपका. नाचलोच जवळपास. नानांनी फांदी ओढून दाखवली. गुलाबी ते फूल नाहीच. पानंच ती, तीन, पतंगाच्या कागदासारखी. आत तीन बारीक नळ्या, तोंडाला पांढरी चांदणी. "फूल हाई शे. याले कोनी देखत नई." वर्षभर हीच झाडं छाटतोय. मीही नव्हतं पाहिलं.

२६ एप्रिल
रंगलेल्या बावीस. लॉनवाल्याचा माणूस येऊन गेला. टेम्पो २९ ला संध्याकाळी, साठच्या साठ रंगलेल्या नसल्या तर एकही उचलणार नाही. ३० ला आखाजी.
अक्का पोचली घरी. मागे तिच्या पोरांचा कालवा. "दोर उंदरांनी खाल्ला रे. येशीन ना तू?"
"बघतो."
"बघतो काय? गाडी तुह्या नाकासमोरून जाते ना."

२८ एप्रिल
एक्केचाळीस. उरलेल्या एकोणिसात बारीक कळ्या आहेत, उद्यापर्यंत उघडतील किंवा... नाना म्हणतात, झाडाच्या मागे कुणी काठी घेऊन लागत नाही. हात दोनदा बादलीकडे गेला. खिशात घातला.
आईला सांगितलं, दोर जळगावहून आणा. सुती, जाड. नायलॉनचा नको, पोरांचे हात कापतात. बाबांनी बांधायला घेतलाच तर गाठ दुहेरी मारा म्हणावं. निंबाची खालची फांदी नको, ती वाळकी आहे. मी आलो तर मीच...
दोराचे पैसे फोनवरून पाठवतोय, ६५० रु.