प्रफुलची साक्ष

नागभीड
१८ जानेवारी २०२४

चि. गिरजास मुखरूभाऊचा जोहार व आशीर्वाद. वि. वि.

तुले नागपूरच्या दवाखान्यातून घरी सोडलं, हे डोमाजी जावयांनी धानोऱ्याच्या बाजारातून फोन करून कळवलं. तुमच्या गावात टावर नाही, म्हणून हे पत्र. तीस वर्षं पोस्टमन म्हणून लोकांची पत्रं वाटली, आणि स्वतःच्या बहिणीला चार ओळी लिहायला बसलो तर दोन चहा संपले तरी सुरुवात सुचेना.

कंबरेच्या वरचा मणका दबला, पण पायांत जीव आहे, हे ऐकून तुझी वहिनी देवापुढे बसून रडली. डॉक्टर म्हणतात तसं दीड महिना पाठीवरच राहा. उठून चूल पेटवायला जाशील हे मले माहीत आहे, म्हणून डोमाजींना वेगळं बजावलं आहे.

आता कामाचं. तू रस्त्याच्या कडेनं चालली होतीस आणि धान नेणारी पिकअप मागून येऊन तुले लागली. त्या गाडीचा विमा आहे. सहा महिन्यांच्या आत कोर्टात दावा टाकावा लागतो. गडचिरोलीला विधी सेवेच्या कार्यालयात बायांना फुकट वकील मिळतो. तिथल्या पुनम वकीलबाईंना मी भेटून आलो. तुले यापुढे डोक्यावर ओझं घेता येणार नाही, आणि तुझं सारं आयुष्य ओझ्यावर चाललं. हट्ट न करता होकार कळव.

तुझा भाऊ,
मुखरू


कोसमटोला, ता. धानोरा
६ फेब्रुवारी २०२४

भाऊले गिरजाचा सेवा जोहार. वि. वि.

पेन्सिलीनं लिहून राह्यली, रागावू नको. उताणं झोपून लिहिलं तर पेनाची शाई उतरत नाई.

माहं बरं आहे. डोमाजी भात शिजवतात, तो कधी कच्चा, कधी जळका, पण मी चांगला म्हणते. माही वेणी घालाले ते शिकले, हे तू गावभर सांगू नको. शेजारच्या बाया सरपण आणून टाकतात. एवढ्या वर्षांत मले कोणाच्या हातचं खायची सवय नव्हती, आता रोज कोणी ना कोणी वाटी घेऊन येते.

दाव्याचं मात्र माह्या मनाले पटत नाई. त्या दिवशी बाजारातून तेलमीठ घेऊन मी एकटी येत होती. मागून धक्का बसला आणि डोळे उघडले तेव्हा नालीत पडली होती. रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. तो पिकअपचा डायवर प्रफुल गाडी घेऊन निघून गेला असता तर कोणाले कळलं नसतं. तो गेला नाई. गाडीचा मागचा फाळका काढला, रानातल्या दोन गुराख्यांले हाक मारली, मले न वाकवता हळूच फाळक्यावर सरकवलं, स्वतःच्या दुपट्ट्यानं बांधलं आणि गडचिरोलीपर्यंत बैलगाडीसारखी गाडी हाकली. तिथून मले नागपूरले नेलं, तिथले डॉक्टर म्हणे, बसवून आणलं असतं तर पाय गेले असते. तो दोनदा भेटाले आला. हरीण आडवं आलं, म्हणून गाडी कडेले गेली, असं म्हणे. ज्यानं माहे पाय वाचवले, त्याले मी कोर्टात काऊन उभं करू?

वहिनीले जोहार.

गिरजा


नागभीड
२ मार्च २०२४

चि. गिरजास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या पोराचे उपकार मीही मानतो. त्याच्या गावी, सिंदेवाहीकडे, मुद्दाम जाऊन आलो. त्याचे हात धरले, पण तो मान वर करेना. आईनं केलेला चहा त्याच्या पुढ्यात थंड झाला. हरणाचं विचारलं तर उठून अंगणात गेला.

तुझी लढाई त्याच्याशी नाही, विम्यावाल्यांशी आहे. ते म्हणतील, हरीण आलं त्यात चालकाचा काय दोष, आणि दोष नाही तर भरपाई कशाची. गाडीमालकानंही पोलिसांत तसंच लिहून दिलं आहे. पुनमबाई म्हणतात, हे हरीण टिकलं तर आपला दावा लंगडा पडेल. तू जे पाहिलंस तेवढंच सांग, एक शब्द जास्त नको. पण दावा टाकू दे. मी साठी ओलांडली, तुझ्या म्हातारपणी सरपण आणून द्यायला किती दिवस पुरणार?

पट्टा बांधून दहा पावलं चाललीस असं डोमाजी म्हणाले. वहिनीनं आळीत साखर वाटली.

तुझा,
मुखरूभाऊ


मुक्काम सिंदेवाहीजवळ
२१ एप्रिल २०२४

गिरजाबाईंना प्रफुलचा नमस्कार.

तुमच्या सहीचा कागद कोर्टात गेल्याचं मुखरूभाऊंकडून कळलं. बरं झालं. मी हे तोंडानं सांगायला दोनदा आलो होतो, पण तुम्ही दोन्ही वेळा मले जेवू घातलं आणि माझ्यानं बोलवलं नाही.

बाई, हरीण नव्हतं. सलग दोन रात्री मी धान वाहत होतो आणि स्टेअरिंगवर माझा डोळा लागला. जागा झालो तो धक्क्यानंच. मालकानं सांगितलं, हरीण म्हण, नाही तर लायसनही जाईल आणि कामही. मी म्हटलं. तुम्ही मले देवमाणूस म्हणालात तेव्हा मी अर्ध्या ताटावरून उठलो.

काल मालकाला सांगितलं की कोर्टात खरं बोलणार. त्यानं गाडीची किल्ली मागून घेतली. आईला अजून सांगितलं नाही. तुम्हाला राग येईल, तो माझा हक्काचा आहे. पण साक्षीला मी येणार.

प्रफुल


कोसमटोला
९ मे २०२४

प्रफुलले गिरजाबाईचा जोहार.

तुही चिठ्ठी वाचून मी दोन दिवस उशीखाली दाबून ठेवली. राग आला. माही पाठ रोज दुखते आणि आता दुखताना तुहा लागलेला डोळा आठवते. हे तुले सांगतलं पाहिजे म्हणून सांगून राह्यली.

तिसऱ्या दिवशी डोमाजी म्हणे, हे त्यानं सांगतलं नसतं तर तुले जन्मभर कळलं नसतं. ते खरं आहे. तू नालीपाशी थांबला, तसाच आताही थांबला.

आईले आजच सांग. दुसऱ्याकडून कळलं तर तिले जास्त लागेल. आणि जेवाले येत जा. तू येणं बंद केलं तर मले वाटेल, माह्या रागाले भेला.

गिरजाबाई


कोसमटोला
३१ ऑगस्ट २०२५

भाऊले गिरजाचा सेवा जोहार. वि. वि.

निकाल लागला. दावा मंजूर झाला. काही पैसे हाती येतील, बाकीचे कोर्टानं माह्या नावानं बँकेत मुदतीवर ठेवाले लावले. चार शेळ्या घ्यायचं ठरवलं आहे. डॉक्टर म्हणतात, चालणं चांगलं, ओझं नको. शेळ्यांमागं चालणंच चालणं.

साक्षीच्या दिवशी तू मोतीबिंदूची पट्टी बांधून घरी होता, आणि नंतर भेटलो तेव्हा मले धड सांगता आलं नाई, रडू येत होतं. आता सांगते.

प्रफुल आधी उभा राह्यला. दोन्ही हातांनी कठडा धरला. हरीण नव्हतं, मी झोपलो होतो, बाई कडेनंच चालत होत्या, असं सरळ सांगतलं. विम्याच्या वकिलानं त्याले लई घोळात घेतलं. बाईनं पैशाचा वाटा देतो म्हटलं का, असं विचारलं. तो म्हणे, बाईनं मले फक्त भात दिला.

मंग माही पाळी. जजसाहेबांनी बसा म्हटलं. मी म्हटलं, जास्त वेळ बसलं तर पाठ धरते, उभीच बरी. वकिलानं विचारलं, ज्यानं तुमची पाठ मोडली त्याचं तुमी इतकं चांगलं कसं बोलता, तुमचं आधीच ठरलेलं दिसते. मी म्हटलं, पाठ त्यानं मोडली आणि पाय त्यानंच राखले. एक लिहाल तर दुसरंही लिहा. जजसाहेबांनी टंकलेखकाले ते दोन्ही घ्याले लावलं. पुनमबाईनं माहा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

तुह्या हट्टानं हे झालं, भाऊ. मी नाई नाई म्हणत राह्यली आणि तू एसटीनं गडचिरोलीले खेटे घालत राह्यला. तुहे उपकार मी पत्रात मांडत नाई, भेटीत तुले आवडते तसे मोहाचे लाडू करीन.

एक काम बाकी आहे. प्रफुलवर पोलिसांची केस अजून चालू आहे. लायसन अडकलं, तो भातगिरणीत पोती मोजते. त्या केसची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी पुनमबाईले सांगून ठेवलं की मी जाणार आणि नालीपासून दवाखान्यापर्यंत काय काय झालं ते सारं तिथं बोलणार. डोमाजी म्हणे, दोन तासांचा रस्ता आहे, पाठ सोसेल का. मी म्हटलं, मधी दोनदा उतरून चालीन.

तुहा डोळा आता साफ दिसते म्हणे. तर यावेळी तू ये. प्रफुलची आईही येणार आहे, तिच्यापाशी बसाले कोणी आपलं माणूस पाहिजे.

गिरजा