गोंगाटाखालचा हायड्रोजन

४ मार्च

चि. भिंगरीस, आईचे अनेक आशीर्वाद.

कानाचं नवं यंत्र आलं. भोंगे, मिक्सर, वरच्या मजल्यावरची खुर्च्यांची सरकासरकी, सगळे गप्प! पण तुझ्या बाबांची धास्ती वाटते गं. घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बोलायला सांगितलं, तरी नुसते ओठ हलतात. जन्मभर मी सभा गाजवल्या, हे मुकाट ऐकत आले. आता यांची पाळी आली, तर आवाजच जावा?

वेळेवर जेव. माया आहेच, ती वाढव.
आई

९ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे निकाल हाती आलाय. पहिले तारे पेटले तेव्हा भोवतालचा हायड्रोजन त्यांच्या उजेडाने विस्कटत गेला. त्यातला किती शाबूत होता, हे त्याच्या क्षीण रेडिओ लहरींवरून आम्ही मोजतो. आपल्याच आकाशगंगेचा गोंगाट त्याहून हजारो पट मोठा. तो मी पुसला, तर खाली काहीच नाही. म्हणजे शाबूत हायड्रोजन तेव्हाच संपला होता! माझे मार्गदर्शक सर खूश आहेत. चोवीस तारखेला परिषदेत मीच जाहीर करायचं. मग झोप का लागत नाही?

बाबांना जप.
भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस,

आधी हस, मग मला रागाव. काल शेजारीण येऊन म्हणाली, यजमान केव्हाचे चहा मागताहेत, देत का नाही? तडक यंत्रवाल्याकडे गेले. तो म्हणाला, गोंगाट दाबायची सोय हळू आवाजही दाबते. ती बंद केली. भोंगे परत आले, मिक्सर परत आला, आणि त्यांच्या तळाशी तुझे बाबा! माणूस बोलत होता आणि मी त्याला मुका ठरवून मोकळी! आपल्याला ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्याला मुकं ठरवायचं, याच अन्यायाविरुद्ध मी जन्मभर घसा फोडला!

तुझी ओशाळलेली आई

१७ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले नाही, तडक कामाला बसले. आमच्या मोजमापात मी मुद्दाम एक खोटी, क्षीण खूण मिसळली आणि गोंगाटाची तीच सफाई पुन्हा केली. खूणही पुसली गेली! खरा हायड्रोजन असता, तर तोही मीच पुसला असता. सरांना सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. मग म्हणाले, चोवीसला तूच उभी राहा आणि हेच सांग. नोकरी टिकेल की नाही, ठाऊक नाही.

तुझीच,
भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

आईने तुझ्यासाठी चार पानी भाषण लिहिलंय. त्यातला गोंगाट मी पुसला. उरलं ते एवढंच: ऐकू आलं नाही, असं सांग, नव्हतंच, असं म्हणू नकोस. आवाज कापला तरी चालेल. माझाही कापतो.

बाबा