वाडीतला तिसरा हिस्सा

गिरगाव, मुंबई
१० फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप भाऊ यास,

कुमुदचा सा. न. वि. वि. इकडे क्षेम. आईच्या गुडघ्याला तेल चोळणं चालू आहे ना? केसरवहिनींना नमस्कार. सदा आता भिंत धरून चालत असेल. त्याच्यासाठी झबली शिवली आहेत, कोणी येणारं मिळालं की पाठवते.

पुढचं वाचून तू चिडशील, तरी शेवटपर्यंत वाच. दुर्गा एडनला फार आजारी आहे. ती तिथल्या इस्पितळात नर्स आहे हे तुला ठाऊक आहे. तिच्या सोबतिणीचं पत्र आलं. मूत्रपिंडात गाठ आहे, लघवीतून रक्त जातं, उभं राहवत नाही. हे ऑपरेशन आपल्याकडून होणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मुंबईला आणलं तर वाचेल म्हणतात, पण पावसाळ्याच्या आत आणायला हवं. समुद्र खवळल्यावर अशा रोग्याला बोटीवर घेत नाहीत.

बोटीत सोबत नर्स हवी, इथे सर्जन हवा. शाळेतल्या बायकांनी वर्गणी दिली, मी बांगड्या मोडल्या. तरी निम्मंही जमलं नाही. तिला आईबाप नाहीत, भाऊ नाही.

नाना जाऊन वर्ष होत आलं. वाडी त्यांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली. नव्या कायद्याप्रमाणे आई, तू आणि मी असे तीन वारस. मी कधी मागणार नव्हते. आता मागते. वाडी तूच ठेव, माझ्या हिश्शाचे पैसे तेवढे दे.

रागावलास तरी मायेत उणं करू नकोस.

तुझी
कुमुद


मुरुड, जि. कुलाबा
१७ फेब्रुवारी १९५८

चि. कुमुद हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. झबली पाठवू नकोस. एका पत्रात पुतण्याला झबली आणि बापाच्या वाडीवर कुऱ्हाड, हे मला जमायचं नाही.

ती बाई सात वर्षांपूर्वी भर दुपारी, साऱ्या आळीदेखत, येसाजीच्या बैलगाडीत ट्रंक टाकून माझ्या घरातून गेली. त्यानंतर वर्षभर मी बाजारात मान वर करून चाललो नाही. नानांनी देवळात जायचं सोडलं. तिच्या औषधपाण्यासाठी मी नानांनी लावलेल्या पोफळी विकायच्या, हे लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही? ती सोयरीकही तूच आणली होतीस. तुझी वर्गमैत्रीण म्हणून नानांनी कुंडलीसुद्धा नीट पाहिली नाही.

येसाजीने इथे तिच्या नावाने वर्गणी मागायला सुरुवात केली होती. मी ती बंद पाडली. जो देईल त्याने माझ्या ओटीवर पाय ठेवू नये, असं सांगितलं. एकानेही दिलं नाही.

कायदा मलाही वाचता येतो. अलिबागच्या कोर्टात खुशाल दावा लाव. वाटपाचा दावा दहा वर्षं चालतो. तुझ्या मैत्रिणीला तेवढी सवड आहे का, ते आधी विचारून घे.

तुझं लग्न झालेलं नाही. तुला घर म्हणून हे एकच आहे, एवढं ध्यानात ठेवावंस.

भाऊ


मुंबई
२१ फेब्रुवारी १९५८

ती. भाऊ यास सा. न. वि. वि.

येसाजीकडे लोक द्यायला तयार होते, म्हणूनच तुला धमकी द्यावी लागली. एवढं तुझ्याच पत्रातून कळलं.

आळीने बैलगाडी पाहिली. त्याआधीचं आळीने पाहिलं नाही, मी पाहिलं. दुर्गेचं मूल अडलं होतं. डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता. पुरुष आहे म्हणून त्याला उंबऱ्याआत घेतलं नाही. मूल गेलं, ती कशीबशी राहिली. पुढे दोन वर्षं जेवायला बसलं की वांझ हा शब्द तिच्या ताटात पडायचा. तू समोर बसून आमटी ओरपत होतास. ती गेली नसती तर मीच तिला ओढून नेलं असतं.

आणि तुझ्या फारकतीच्या दाव्यात तिने कोर्टाला एवढंच कळवलं, की मला काही म्हणायचं नाही. ती भांडली असती तर आज तुझ्या घरात केसरवहिनी नसत्या, सदा नसता. पोटगीचा पैसासुद्धा तिने मागितला नाही.

मीही तिच्यासाठी तुझ्याकडे भीक मागत नाही. माझं आहे ते मागते. आठवड्यात कळव. दहा वर्षं लागली तरी दावा लावीन, आणि दुर्गा दगावली तर तुझ्या त्या सवडीच्या वाक्याची नक्कल साऱ्या नातेवाइकांना पाठवीन.

कुमुद


मुरुड
२ मार्च १९५८

चि. कुमुद हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. तुझी पत्रं भाऊने माझ्यासमोर आपटली, म्हणून मला कळलं. तू मला एका ओळीने विचारलं नाहीस. वकिलासारखं लिहिलंस. लाँचने येऊन समोर बसून मागितलं असतंस, तर इतकं विकोपाला गेलं नसतं असं मला वाटत्ये. तुला नमतं घेणं कधी जमलंच नाही.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. डॉक्टरला नको म्हणणारे हे होते, तुझे नाना. भाऊ दोनदा चपला घालून निघाला, दोनदा ह्यांनी त्याला परत बसवलं. तो बसला, हा त्याचा दोष. पण बोल लावायचा तर पुरता लाव, मलाही लाव. मी आतच होत्ये.

काल मी भाऊला सांगितलं, की तीन वारसांत एक मीही आहे. कुमुदचा हिस्सा तिला दे, नाहीतर मीही माझा मागत्ये, मग अर्ध्याहून जास्त वाडी जाईल. तो म्हणाला, की आई, तू त्या बाईच्या बाजूची झालीस. मी म्हटलं, की मला सत्तरी लागली, आता बाजू कसली. तेव्हापासून तो माझ्या पंक्तीला बसत नाही. केसर मधल्या मध्ये रडते.

जिंकल्याचा आनंद मानू नकोस. दुर्गेला लिहिशील तेव्हा माझा आशीर्वाद कळव. नको म्हणाली तर राहू दे.

जपून राहा, बाळ.

आई


मुरुड
१४ मार्च १९५८

कुमुद हिस,

पैसे येसाजीच्या हाती पाठवले आहेत. त्यासाठी वाडीचा समुद्राकडचा तुकडा बोर्ली पंचतनच्या व्यापाऱ्याला द्यावा लागला. सोबत हक्क सोडल्याचा कागद आहे. सही करून त्याच्याच हाती परत दे. वकिलाने सांगितलं तर नोंदणीसाठी एकदा अलिबागला ये, मुरुडला नको.

यापुढे गणपतीला, भाऊबिजेला, कोणत्याही निमित्ताने इथे येऊ नये. आईला भेटायचं तर तिला तिकडे बोलवावं. मी अडवणार नाही, पोचवायलाही येणार नाही.

मी काय केलं आणि काय केलं नाही, ते आईने तुला कळवलं असेलच. तिने कळवायला नको होतं. मला त्याची सूट नको.

भाऊ


मुंबई
१२ मे १९५८

ती. आईस सा. न. वि. वि.

दुर्गा वाचली. बोटीवरून तिला स्ट्रेचरवरून उतरवलं तेव्हा मी ओळखलं नाही, इतकी ती सुकली होती. ऑपरेशनला अर्धा दिवस लागला. सर्जन म्हणाले, की आणखी महिना गेला असता तर हात लावला नसता. आता माझ्या खोलीवर आहे, मऊ भात खाते.

पैसे कुठून आले ते तिने विचारलं, मी सांगितलं. आई, ती माझ्यावर इतकी संतापली, की टाके तुटतील याची मला भीती वाटली. म्हणाली, त्या घरातून मी एका ट्रंकेनिशी निघाले ती कुणाचं ओझं नको म्हणून, आणि तू मला विचारल्याशिवाय तेच घर विकून माझ्या अंगावर घातलंस. मी म्हटलं, ते माझं घर होतं. ती म्हणाली, म्हणूनच. तुझा आशीर्वाद सांगितला तेव्हा भिंतीकडे वळली. नको म्हणाली नाही.

मला पश्चात्ताप नाही. पण गणपतीत कुठे जायचं, हा विचार आतापासून मनात येतो, हे तुलाच लिहिते.

तुझी
कुमुद


मुरुड
२० मे १९५८

कुमुद हिस,

कागद नोंदला गेला. सातबाऱ्यावर तुझं नाव आता नाही.

ती वाचली, असं आईने सांगितलं. ती वाचावी असं मला वाटत नव्हतं. मरावी असंही वाटत नव्हतं. आणखी विचारू नकोस.

आई तिकडे यायचं म्हणते. त्या बाईला बघायचं आहे तिला. मी नको म्हटलं, तिने बोचकं बांधलं. पाऊस लागण्याआधी, येत्या रविवारी मी तिला एस्‌टीने रेवसला आणून लाँचमध्ये बसवीन. गुडघ्यामुळे तिला फळीवरून एकटीला उतरता येत नाही. भाऊच्या धक्क्यावर तू स्वतः उभी राहा.

लोभ ठेवावा असं शेवटी लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही. आईला परत पाठवण्याची घाई करू नकोस, एवढंच.

भाऊ