कपाटातली विहीर

१९ जानेवारी

पलंगाखालचे गठ्ठे बाहेर काढले. झुरळं नाहीत, वाळवी नाही – वाचकही नाहीत. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्याचं हे असंच. लिहायचं आपण, छापून आणायचं आपण आणि शेवटी त्याच्यावर झोपायचंही आपणच. बायको झाडू घेऊन उभी होती. म्हणाली, आणखी एक लिहिणार असाल तर पलंग उंच करून घेऊ या. असं बोलताना तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. मी रागावल्यासारखं केलं. हसू दाबायला मागच्या खोलीत गेलो.

तीन कादंबऱ्या. जमीनमोजणीच्या खात्यात जन्म गेला, निवृत्त झाल्यावर लिहायला बसलो. म्हटलं, लोकांच्या हद्दी पुष्कळ मोजल्या, आता जरा मोकळं फिरू.

एक गोष्ट मात्र बाहेर कोणाला सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. बायकोने यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. पहिलं आलं तेव्हा गरमागरम तिच्या हातात दिलं. तिने उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, "चांगलं जाड झालंय" म्हणाली आणि कपाटावर ठेवून दिलं. पुढे कधी विषय निघाला की म्हणते, दिवसभर तुम्हीच समोर असता, आणखी पुस्तकात कशाला भेटू? पाहुणे हसतात. मीही हसतो. पण लागायचं ते लागतंच.

२३ जानेवारी

केस कापून आलो. म्हणजे उरलेत तेवढे.

सलूनवाल्याने माझं तिसरं पुस्तक बाकापाशी ठेवलंय, थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी. त्यावर धूळ. गिऱ्हाइकं फोनमध्ये. तो स्वतः एका कानात इअरफोनचं बोंडूक घालून कसलीशी भुताची गोष्ट ऐकत माझं डोकं इकडून तिकडे वळवत होता. मध्येच विचारलं, काका, तुमचं पुस्तक ऐकायला मिळतं का? मी म्हटलं, पुस्तक ही वाचायची वस्तू आहे. त्यावर त्याने माझी मान खाली दाबली आणि शांतपणे म्हणाला, "माझे हात दिवसभर अडकलेले, डोळे तुमच्या डोक्यावर. मोकळे काय ते कान. तिथे तुम्ही येतच नाही, मग मी काय करू?"

मानेवर वस्तरा असताना वाद घालू नये. घरी येऊन घातला, स्वतःशीच. हरलो.

२४ जानेवारी

चिमीला फोन केला. चिमी म्हणजे माझी भाची, तिशी उलटली तरी चिमीच. जाहिरातींचे आवाज ध्वनिमुद्रित करण्याचं काम करते. म्हणाली, मामा, दोन वर्षं मी हेच सांगतेय आणि तुझ्या डोक्यात उजेड सलूनमध्ये पडला! मग तासभर माझी शिकवणी. पुस्तक तुझं, हक्क तुझे, कोणाची परवानगी नको. कागद नको, गठ्ठे नकोत. गाडी चालवणारा ऐकेल, भांडी घासणारी ऐकेल, ज्याला दिसत नाही तोही ऐकेल. मोठ्या प्रकाशकाकडे असतास तर तो बैठका घेत बसला असता. तुला कोण अडवतंय?

मलाच मी अडवतोय, दुसरं कोण. म्हटलं, अगं पण ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. तर म्हणते, लहानपणी तू मला गोष्टी सांगायचास, त्या काय मी वाचल्या होत्या?

पोरगी लहानपणापासून वकिलीच करते आहे.

१ फेब्रुवारी

चिमी यंत्र घेऊन आली. काडेपेटीएवढा रेकॉर्डर, सेलवर चालणारा. मला पहिलं पान वाचायला लावलं. मी जीव ओतून वाचलं. तिने परत लावून ऐकवलं. देवा! कोणीतरी कोर्टात शिक्षा सुनावतंय. चिमी सभ्य आहे, म्हणाली, स्पष्ट आहे, फक्त आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. व्यावसायिक वाचकांचे नमुने ऐकवले. एक जण तर 'दार उघडलं' एवढं वाक्य असं गरजला की मी खरंच दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. चिमी म्हणाली, मामी, दोन ओळी वाच ना. हातात आलेला कागद तिने वाचला – माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर येतो तो. चक्कर, तोंडाला कोरड, क्वचित पायांना सूज. आम्ही दोघं चहा विसरलो. मला तर सूज आल्यासारखी वाटायला लागली.

मला विसर पडला होता. बस स्थानकावर निवेदक होती ती, निवृत्त होईपर्यंत. मी तिला पाहिलं त्याआधी ऐकलं. मोजणीच्या कामावर जाताना त्या स्थानकावर गाडी बदलावी लागायची आणि वर टांगलेल्या भोंग्यातून हा आवाज यायचा. माझी गाडी लागल्याचं तिने सांगितलं आणि मी ऐकतच उभा राहिलो. गाडी गेली. साहेबांनी झापलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. तिसऱ्यांदा मात्र मी चौकशीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो, गाडी चुकल्याची तक्रार करायला. तेव्हापासून तक्रार चालूच आहे.

चिमीने विचारलं, सुरुवात कोणत्या पुस्तकाने? मी म्हटलं पहिलं घ्यावं, भारदस्त आहे. स्वयंपाकघरातून आवाज आला – विहिरीचं घ्या. मुखपृष्ठावर विहीर आहे, तेवढं तिच्या लक्षात असणार. चिमीलाही तेच हवं होतं. दोघींपुढे माझं काय चालतंय.

२ फेब्रुवारी

बायकोच्याच आवाजात करायचं ठरलं, पण आता कुठे डोक्यात आलं. ती वाचणार म्हणजे तिला वाचावं लागणार! पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, एकही ओळ न गाळता. माझ्या सख्ख्या बायकोला माझं पुस्तक कळणार. कोणी विकत घेवो न घेवो, माझं काम झालं. शेवट झाल्यावर ती काय म्हणेल? काहीतरी म्हणेलच की.

आतापासून दिवस मोजतोय. परीक्षेच्या निकालाला असेच मोजायचो.

५ फेब्रुवारी

स्टुडिओ तयार. झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट रिकामं केलं. आत एक स्टूल, भोवती रजया, जुने कोट, माझ्या लग्नातला सूटसुद्धा कामी आला. आवाज घुमू नये म्हणून. वायर ओढून एक दिवा. दार लावलं की आत काळोख, फक्त त्या दिव्याचा उजेड. मी बाहेर खुर्चीवर, हेडफोन लावून, मांडीवर पुस्तक. चुकली तर सांगायला.

शेजाऱ्यांचा पंप, कुकरच्या शिट्ट्या, खिडकीतली कबुतरं – या घरात इतके आवाज राहतात हे मला माहीतच नव्हतं. दुपारी दोन ते चार सगळं थंड असतं. तीच वेळ धरली.

८ फेब्रुवारी

चिमीचा फोन. पोट धरून हसत होती. म्हणाली, मामा, पहिलं प्रकरण सुंदर, पण मामी प्रत्येक महत्त्वाचं वाक्य दोनदा का वाचते?

लावून पाहिलं तर खरंच! 'थोरल्याने कुलूप घातलं. थोरल्याने कुलूप घातलं.' अगदी गाडी फलाटावर लागल्यासारखं. जन्माची सवय, सूचना दोनदा द्यायची. मजा म्हणजे समोर पुस्तक धरून बसलेल्या मलाही ते खटकलं नाही. तिने दोनदा सांगितलं नाही तर मलाच काही कळत नाही बहुतेक.

तिला सांगितलं तर म्हणाली, लोकांचं लक्ष नसतं, दोनदा सांगावंच लागतं.

उपाय म्हणून तिच्या मनगटाला नाडी बांधली, टोक दाराच्या फटीतून माझ्या हातात. पुनरुक्ती सुरू झाली की ओढायचं. संध्याकाळी तिने मनगट दाखवलं. लाल. म्हणाली, लेखक महाशय, बैलालासुद्धा कोणी इतकं ओढत नाही.

१२ फेब्रुवारी

चांगलं चाललंय. गोष्ट साधी आहे माझी: दोन भाऊ, जमिनीची वाटणी, मोजणी होते आणि विहीर नेमकी हद्दीवर येते. भाऊ बोलणं टाकतात. थोरल्याची बायको – सगळे तिला थोरलीच म्हणतात – ती मात्र दोन्ही घरांचं पाणी भरत राहते.

बाई वाचते काय! धाकट्या भावाला तिने पहिल्यापासून घोगरा आवाज दिलाय. मी म्हटलं, घोगरा आहे हे तर पार सहाव्या प्रकरणात येतं, तुला कसं कळलं? म्हणाली, तो मला तसाच वाटला. याला म्हणतात कान!

१५ फेब्रुवारी

चिमीने पहिली दोन प्रकरणं सलूनवाल्याच्या फोनवर पाठवली. आज मुद्दाम गेलो. डोक्यावर कापायला काही नव्हतं, दाढी सांगितली.

दुकानात बायकोचा आवाज! चारही खुर्च्या गप्प. एकाची दाढी कधीच झाली होती, तो गळ्यातलं फडकं न सोडता बसून होता. मी कोण ते सलूनवाल्याने सांगितल्यावर त्या गिऱ्हाइकाने कानाला राहिलेल्या फेसासकट माझ्याकडे वळून विचारलं, थोरली माहेरी जाते की राहते?

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणा अनोळखी माणसाने मला पुढे काय होतं ते विचारलं. डोळे भरून आले. साबण गेला असं सांगितलं.

घरी धावत येऊन हिला सांगितलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, सांगितलं नाहीत ना त्याला? ऐकू दे.

१६ फेब्रुवारी

पलंगाखालचे गठ्ठे परत आत ढकलले. राहू देत. पण आता ते तितके जड वाटले नाहीत.

२० फेब्रुवारी

आज बिनसलं. नववं प्रकरण – थोरलीचं मूल जातं ते. अर्ध्यावर ती थांबली. मी नाडी ओढली नव्हती. वाट पाहिली. दार उघडून बाहेर आली, म्हणाली, घसा बसलाय, आज पुरे. आणि गच्चीवर कपडे काढायला निघून गेली. कपडे मी सकाळीच काढले होते.

मला लिहिता येत नाही, हेच खरं. मोजणी बरी होती.

२२ फेब्रुवारी

नववं झालं. एका दमात. हेडफोनमधून मला तिचा श्वास ऐकू येत होता. आवाज कुठेही चढवला नाही, आणि मीच लिहिलेलं असून मला बसवेना.

चहाच्या वेळी धीर करून विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, पुरं होऊ दे. पुन्हा विचारलं. म्हणाली, शेंगदाणे संपलेत.

काय कठीण बाई आहे ही! तरी माझी आहे.

२७ फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. ती म्हणते, आज नको, रविवारी करू. का, ते सांगत नाही. आवडलं नसणार. आवडलेली माणसं अशी थांबतात का? चिमी म्हणते, मामा, बाकी सगळं विसर, गोष्ट लोकांच्या कानात पोचली, आता उरलेल्या दोन्ही कादंबऱ्याही करू. तिचं बरोबर आहे. सलूनवाला रोज विचारतो. गठ्ठ्यांच्या जोरावर जे कधी झालं नाही ते कपाटात बसून झालं.

पण मला निकाल तिच्याकडूनच हवा आहे. सत्तरीला आलो तरी ही एक हाव सुटत नाही.

१ मार्च, रविवार

दुपारी शेवटचं प्रकरण. मी बाहेर, मांडीवर पुस्तक, ओळीखाली बोट. निम्मं झालं आणि कपाटाच्या दाराखालची उजेडाची पट्टी गेली. वीज गेली. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. ती थांबेल म्हणून मी थांबलो.

ती थांबली नाही. थोरली काठावर बसली, तिने दोर सोडला, पलीकडून धाकटा आला, अलीकडून थोरला. माझं बोट ओळीखालून सरकत होतं आणि तिचा आवाज बोटाबरोबर. पान उलटलं मी एकट्यानेच. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, शेवटच्या ओळीपर्यंत.

घामाघूम होऊन बाहेर आली. मी नुसतं विचारलं, कधी?

पदराने मान पुसत म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा. माईक सुटला माझा, घरात मोठ्याने बोलायला होतं काय? तिन्ही वाचली. हे किती वेळा, ते विचारू नका."

मला का नाही सांगितलंस गं?

"तुम्ही फिरायला जाणं बंद केलं असतंत."